विद्यापीठाचा ईमेल बदलतोय: तारखेआधी काय करावं, नंतर काय तपासावं

‘विद्यापीठाची ईमेल प्रणाली अद्ययावत करण्यात येत असून सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी,’ अशा धर्तीचं परिपत्रक येतं आणि तिथेच थांबतं. नोंद घेऊन पुढे करायचं काय, हे त्यात नसतं. मग प्रश्न सुरू होतात आणि ते दर वेळी तेच असतात. माझा पत्ता बदलणार का? दहा वर्षांचे मेल जातील का? फोनवर मेल येणं का थांबलं? ओटीपी सरांच्या फोनवर जातो आणि सर रजेवर आहेत, आता काय? मी पास होऊन गेल्यावर खातं राहील का?

अशा बदलात मेल सहसा हरवत नाहीत. हरवतं ते मेलला चिकटलेलं बाकीचं: संपर्कयादी, कार्यालयातल्या एखाद्या संगणकात उतरवून ठेवलेला जुना पत्रव्यवहार, मेलमधल्या लिंकच्या पलीकडची फाइल, त्या पत्त्यावर दुसरीकडे उघडलेली खाती. यातलं बरंचसं संगणक केंद्राला दिसतच नाही, म्हणून ते तुमच्या वतीनं हलवूही शकत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागेल, आणि शक्यतो तारखेआधी.

बदल नेमका कोणता आहे?

आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत वर्षानुवर्षं स्वतःच्या सर्व्हरवरचा मेल चालला. स्क्विरलमेल, राउंडक्यूब, झिम्ब्रा ही नावं लॉगिनच्या पानावर तुम्ही पाहिली असतील. आता बहुतेकांचा ओढा गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५कडे आहे. तुमच्याकडचा बदल पुढच्या तीनपैकी कोणता, एवढं आधी विचारा:

- पत्ता तोच, सर्व्हर नवा. सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. बाहेरच्या लोकांना काहीही कळवायची गरज नसते.
- पत्ताही नवा. संस्थेचं नाव बदललं, महाविद्यालय स्वायत्त झालं किंवा जुनं डोमेन सोडून ‘एसी.इन’ने संपणारं घेतलं की असं होतं. जुन्या पत्त्यावरचे मेल नव्याकडे किती काळ वळवले जाणार, हे इथे लेखी हवं.
- पत्ता तोच, सर्व्हरही तोच, लॉगिनची रीत नवी. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२पासून नुसतं नाव आणि पासवर्ड पाठवून मेल उतरवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद करायला सुरुवात केली. गूगलने वर्कस्पेस खात्यांसाठी ते २०२५मध्ये पूर्ण केलं. तुमचा जुना आउटलुक किंवा फोनमधलं जुनं मेल ॲप एका सकाळी पासवर्ड पुन्हा पुन्हा मागायला लागलं, तर पासवर्ड चुकलेला नसतो. ॲप जुनं झालेलं असतं.

कधी कधी संस्था एका मोठ्या कंपनीकडून दुसरीकडे जातात, किंवा तिथेच राहून प्रत्येकाला मोजून जागा देतात. कारण जागेचं आहे. गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद जागा बंद होणार हे २०२१मध्ये जाहीर झालं, आणि जुलै २०२२पासून जुन्या ग्राहकांनाही अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा लागली. पुढे मायक्रोसॉफ्टनेही तसंच केलं. वीस हजार खाती असलेल्या विद्यापीठात भागाकार करून पाहा, माणशी साधारण ५ जीबी येतात, आणि त्यात मेल, ड्राइव्हमधल्या फाइली आणि वर्गांची रेकॉर्डिंगं सगळंच धरलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांची खाती अचानक का बंद होतात, याचं उत्तर या भागाकारात आहे.

तारखेआधी विचारून घ्या

तोंडी नको, मेलवर विचारा. पुढे वाद झाला तर उत्तर हाताशी राहील.

- जुनं वेबमेल बदलानंतर किती दिवस फक्त वाचण्यापुरतं सुरू राहील?
- सगळे मेल हलवणार की शेवटच्या दोन-तीन वर्षांचेच?
- ‘पाठवलेले’, ‘मसुदे’ आणि ‘कचरा’ या फोल्डरांचं काय?
- मला किती जागा मिळेल आणि ती भरली तर येणारे मेल परत जातील का?
- पदाच्या नावाचे पत्ते, म्हणजे विभागप्रमुख, परीक्षा विभाग, वसतिगृह, कसे चालवायचे?
- पास झाल्यावर, राजीनाम्यानंतर, निवृत्तीनंतर खातं किती दिवस राहील?

‘कचरा’ मुद्दाम लिहिला आहे. वाचून झालेला मेल तिथे ठेवायचा आणि लागला की तिथूनच काढायचा, अशी सवय असलेले लोक प्रत्येक विभागात असतात. जीमेल मात्र कचऱ्यातले आणि स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं.

काय आपोआप येतं आणि काय येत नाही

जुन्या सर्व्हरवरून मेल हलवायची नेहमीची पद्धत आयमॅप ही आहे. या पद्धतीनं फोल्डर आणि त्यातले मेल उचलले जातात, बाकी काहीच नाही. म्हणजे संपर्कयादी, कॅलेंडर, सही, सुट्टीवर असल्याचं आपोआप जाणारं उत्तर, ‘अमुक मेल आला की तमुक फोल्डरमध्ये टाक’ असे नियम, हे सगळं तुम्हाला हातानं न्यायचं आहे. संपर्कयादी जुन्या वेबमेलमधून सीएसव्ही फाइल म्हणून उतरवा आणि नव्या खात्यात चढवा, पाच मिनिटांचं काम आहे. नियमांच्या पानाचे फोटो काढून ठेवा. आयमॅपनं आणलेली जुनी सभेची निमंत्रणं मेल म्हणून दिसतील, पण दर सोमवारची विभागाची बैठक नव्या कॅलेंडरवर नव्यानं टाकावी लागेल.

खरी अडचण पॉप पद्धतीची. विभागाच्या कार्यालयातला संगणक आठवा. त्यावर आउटलुक आहे, रोज सकाळी लिपिक ते उघडतात आणि मेल ‘उतरतात’. या जोडणीत पॉप निवडलेलं असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नसेल, तर उतरलेला प्रत्येक मेल सर्व्हरवरून पुसला गेलेला आहे. स्थलांतराच्या दिवशी संगणक केंद्राला त्या पेटीत मोजून चार मेल दिसतील, ते चार मेल हलवतील आणि ‘काम पूर्ण’ असा शेरा देतील. त्यांचं काही चुकलेलं नसेल. मागच्या दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका संगणकातल्या पीएसटी फाइलमध्ये आहे, आणि तो संगणक पुढच्या निर्लेखनाच्या यादीत असू शकतो.

आजच तपासा. जुन्या वेबमेलमध्ये ब्राउझरमधून जा. गेल्या वर्षीचा एखादा मेल तिथे दिसतो का? दिसत नसेल आणि आउटलुकमध्ये दिसत असेल, तर तो फक्त त्या संगणकावर आहे. पीएसटी फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आउटलुक बंद असताना घ्या, आणि ही फाइल नव्या खात्यात चढवून द्या अशी लेखी विनंती करा.

काही बारीक गोष्टी आपल्याकडे विशेष नडतात:

- फोल्डरांची मराठी नावं. जुन्या आयमॅप सर्व्हरवर रोमनबाहेरची अक्षरं एका सांकेतिक रूपात साठवलेली असतात. हलवण्याचं साधन नीट नसेल, तर ‘परीक्षा’ नावाचं फोल्डर ‘अँड’च्या चिन्हानं सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांचं होऊन येतं. आतले मेल शाबूत असतात. तरी बदलाआधी तात्पुरती रोमन लिपीत नावं द्या आणि नंतर परत मराठी करा.
- नावातली तिरकी रेघ. ‘२०२३/२४’ असं नाव असेल, तर नवी प्रणाली त्याचा अर्थ ‘२०२३’च्या पोटात ‘२४’ असा घेऊ शकते. आडवी रेघ वापरा.
- जुन्या फॉन्टमधली पत्रं. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी सुरेख अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली अटॅचमेंट उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ‘स्थलांतरात फाइल बिघडली’ अशी तक्रार तेव्हा हमखास येते. फाइल बिघडलेली नसते, नव्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. ज्या जुन्या संगणकावर ती नीट दिसते, तिथेच ती पीडीएफ करून ठेवा.
- फाइल नव्हे, लिंक. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की ती ड्राइव्हवर जाते आणि मेलमध्ये फक्त लिंक राहते. मेल नव्या जागी येईल, लिंकही येईल, पण जुनं खातं बंद झालं की तिच्यामागे काही नसेल. नॅकच्या वेळी गोळा केलेले पुरावे बहुधा असेच पडलेले असतात. ते आधी उतरवून घ्या.

प्रत्यक्ष बदलाचे दिवस

‘या डोमेनचे मेल आता नव्या सर्व्हरवर टाका’ अशी नोंद बदलली जाते तो क्षण म्हणजे प्रत्यक्ष बदल. ही नोंद जगभर एकाच वेळी पोचत नाही, म्हणून साधारण एक-दोन दिवस काही मेल जुन्या पेटीत आणि काही नव्या पेटीत येतात. दोन्ही उघडून पाहा. सर्व्हर तासभर बंद राहिला तरी घाबरू नका. पाठवणारा सर्व्हर मेल टाकून देत नाही, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, बहुधा काही दिवस.

या दिवसांत काय टाळायचं ते सोपं आहे. शोधनिबंध सादर करायची, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची किंवा ओटीपी विद्यापीठाच्या मेलवर येईल अशी कोणतीही शेवटची तारीख या आठवड्यावर ढकलू नका. बदल झाल्यावर स्वतःच्या खासगी पत्त्यावरून एक मेल नव्या पेटीत पाठवा आणि नव्या पेटीतून त्याला उत्तर द्या. जाणं आणि येणं, दोन्ही तपासायचं. अनेकजण एवढंच पाहतात की मेल येतोय, आणि आपण पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतायत हे महिन्यानं कळतं.

आपोआप पुढे येणाऱ्या जुन्या पत्त्यांवरही विसंबू नका. आउटलुकमध्ये दोन अक्षरं टाइप केली की सुचवलं जाणारं नाव जुन्या सर्व्हरच्या नोंदीला जोडलेलं असू शकतं आणि मेल परत येतो. सुचवलेलं नाव पुसा, पत्ता एकदा पूर्ण टाइप करा.

दोन टप्प्यांचं लॉगिन आणि पदाचा मेल

नव्या प्रणालीत पासवर्डनंतर दुसरा टप्पा जवळजवळ सगळीकडे येतो. स्वतःच्या खात्यासाठी हा त्रास पहिल्या दिवसापुरता आहे. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप घ्या, कारण परदेशी परिषदेला गेल्यावर किंवा गावी रेंज नसताना एसएमएस येत नाही. ॲपला आकडे दाखवायला नेटवर्क लागत नाही. गूगल खात्यात राखीव कोड मिळतात, एकदा वापरायचे, आठ आकडी, दहा. ते कागदावर लिहून घरी ठेवा. फोनच्या गॅलरीत ठेवले तर फोनबरोबर तेही जातील. फोन विकण्याआधी ॲप नव्या फोनवर हलवा, ही चूक पुष्कळांच्या हातून होते.

पहिला पासवर्ड म्हणून जन्मतारीख किंवा पीआरएन क्रमांक दिला जातो. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तुमचा पीआरएन माहीत असतो. पहिल्याच लॉगिनला तो बदला.

पदाच्या मेलचं दुखणं मात्र वेगळं आहे. विभागप्रमुखांच्या नावाचा पत्ता, त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, आणि तो प्रमुख, दोन लिपिक, एक कंत्राटी सहायक आणि मागच्या वेळचे प्रमुख अशा पाचजणांना ठाऊक. जुन्या सर्व्हरवर हे खपून गेलं. दुसरा टप्पा सुरू झाला की ओटीपी एकाच फोनवर जातो, आणि मग दिवसातून सहा वेळा ‘मॅडम, जरा ओटीपी सांगता का’ असा फोन. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून दुसरा टप्पाच बंद करून घेतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, कारण निकाल, नेमणुका आणि निविदांचा पत्रव्यवहार याच पेट्यांत असतो.

संगणक केंद्राकडे यापैकी एक मागा:

- गूगलवर: ‘मेल डेलिगेशन’. लिपिक स्वतःच्या खात्यानं, स्वतःच्या पासवर्डनं आत येतात आणि विभागाची पेटी उघडतात. ही सोय संस्थेच्या प्रशासकानं सुरू करून द्यावी लागते. बरीच माणसं काम करणार असतील, तर गूगल ग्रुपची सामायिक पेटी बरी.
- मायक्रोसॉफ्टवर: ‘शेअर्ड मेलबॉक्स’. तिला वेगळा पासवर्ड द्यायचीच गरज नसते. कोणाला वाचता येईल आणि कोणाला विभागाच्या नावानं पाठवता येईल, हे वेगवेगळं ठरवता येतं.

यामुळे चार्ज देणं-घेणं सोपं होतं. नवे प्रमुख आले की जुन्यांचं नाव यादीतून काढायचं आणि नव्यांचं घालायचं. चार्ज देताना किल्ल्या आणि जडवस्तू नोंदवहीबरोबर या यादीचीही सही घ्या.

फोनवर

जुनं खातं काढून नवं घाला, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. काढण्याआधी दोन गोष्टी पाहा. न गेलेले मेल आणि मसुदे फोनमध्येच अडकलेले आहेत का? आणि काही फोन नंबर त्या खात्यात साठवले गेले आहेत का? तसे असतील तर खात्याबरोबर तेही फोनमधून जातील. पहिल्यांदा मेल उतरताना बराच डेटा लागतो, तेव्हा हे कॅम्पसच्या वाय-फायवर करा.

संस्थेचं खातं घालताना फोन कधी कधी परवानगी मागतो: स्क्रीन लॉक सक्तीचा होईल, प्रशासक दुरून खातं पुसू शकेल. वाचून होकार द्या. खासगी फोनवर एवढा अधिकार द्यायचा नसेल, तर ब्राउझरमधून मेल पाहायची मुभा बहुधा असते. घरात एकच फोन भावंडांत फिरत असेल किंवा अर्ज भरायला महा-ई-सेवा केंद्रात जात असाल, तर ब्राउझरच बरा, आणि उठताना लॉगआउट.

‘सगळे मेल माझ्या जीमेलवर वळवतो’

समजण्यासारखा मोह आहे, पण तीन अडचणी आहेत. मायक्रोसॉफ्ट संस्थेबाहेर आपोआप फॉरवर्ड करणं मुळातच अडवून ठेवतं आणि परवानगी प्रशासकाकडे असते. वळवलेल्या मेलवर मूळ पाठवणाऱ्याची खूण जुळत नाही, त्यामुळे बँका किंवा जर्नलांकडून आलेला मेल स्पॅममध्ये पडू शकतो, कधी येतच नाही. आणि जीमेलमध्ये ‘दुसऱ्या खात्यातले मेल पॉपने आणा’ अशी जी सोय अनेक प्राध्यापक वापरत होते, ती २०२६पासून बंद करत असल्याचं गूगलनं जाहीर केलं आहे. त्यापेक्षा फोनच्या मेल ॲपमध्ये दोन्ही खाती शेजारी शेजारी ठेवा. विद्यार्थ्यांची गुणपत्रकं आणि वैद्यकीय रजेचे अर्ज तुमच्या खासगी पेटीत साठू नयेत, हे कारणही पुरेसं आहे.

हा पत्ता तुम्ही कुठे कुठे दिला आहे?

पत्ता बदलणार असेल किंवा तुम्ही विद्यापीठ सोडणार असाल, तर हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते जुन्या पत्त्यावर मेल येत असतानाच होतं. बहुतेक संकेतस्थळं पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर कोड पाठवतात. तो पत्ता मेला की तुम्ही बाहेर.

जुन्या पेटीत ‘वेरिफाय’, ‘वेलकम’, ‘ओटीपी’, ‘पासवर्ड’ हे शब्द शोधा. तुम्ही विसरलेली खाती समोर येतील. मग या क्रमानं घ्या:

- संशोधकांनी ऑर्किड खात्यात एक खासगी पत्ता जोडावा. सोळा आकडी ऑर्किड क्रमांक संस्था बदलली तरी तुमच्याबरोबर येतो, फक्त आत जाता आलं पाहिजे. त्यानंतर गूगल स्कॉलर, स्कोपस, ‘विद्वान’ पोर्टल आणि ज्या जर्नलांकडे निबंध पडून आहेत त्यांची खाती. छापलेल्या निबंधावरचा संपर्काचा पत्ता बदलता येत नाही, म्हणून पुढच्या निबंधात ऑर्किड क्रमांक अवश्य द्या.
- विद्यार्थ्यांनी महाडीबीटी, डिजिलॉकर, नेट किंवा सेटचा अर्ज, नोकरीची संकेतस्थळं, परदेशी विद्यापीठांचे अर्ज पाहावेत. परदेशी प्रवेशाचं उत्तर कधी कधी वर्षभरानं येतं, ते कॉलेजच्या मेलवर मागवू नये.
- शिक्षकांनी स्वतःच्या नावाचे गूगल फॉर्म शोधावेत. प्रवेशाचा, अभिप्रायाचा, माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म तुमच्या खात्यात असेल, तर तुमच्या खात्याबरोबर तोही जाईल. असे फॉर्म आणि फाइली संस्थेच्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये हलवाव्यात. फाइलची मालकी संस्थेबाहेरच्या खात्याला सरळ देता येत नाही, त्यामुळे हे काम जाण्याआधीच करा.

विद्यार्थी म्हणून सवलतीत मिळालेली सॉफ्टवेअरं याच पत्त्यावर चालतात. ती जाणार, ते गृहीत धरा, पण त्यात केलेलं काम बाहेर काढून ठेवा.

फसवणुकीचा हंगाम

‘तुमची पेटी भरली आहे. नव्या प्रणालीत जाण्यासाठी २४ तासांत इथे लॉगिन करा, अन्यथा खातं बंद होईल.’ हा मेल एरवी ओळखू येतो. बदलाच्या आठवड्यात तो खरा वाटतो, कारण बदल खरंच चालू असतो. अनेकदा तो एखाद्या सहकाऱ्याच्याच पत्त्यावरून येतो, कारण त्याचं खातं आधीच फुटलेलं असतं. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव पाहून विश्वास ठेवू नका.

खरं परिपत्रक जावक क्रमांकासह विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही असतं. मेलमधली लिंक न दाबता तिथे स्वतः जाऊन पाहा. लॉगिनच्या पानाचा पत्ता वाचताना सुरुवातीच्या ‘://’नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे वाचा. ‘गूगल.कॉम’, ‘मायक्रोसॉफ्टऑनलाइन.कॉम’ किंवा तुमच्या संस्थेचं डोमेन शेवटी आलं पाहिजे. ते नाव मध्येच कुठे तरी असणं पुरेसं नाही. क्यूआर कोड फोनने स्कॅन करून लॉगिन करायला सांगणारा मेलही संशयास्पदच समजा. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर ‘मंजूर करा’ अशी विचारणा आली, तर नाकारा. कंटाळून होकार देऊ नका, समोरचा त्याचीच वाट पाहत असतो.

पासवर्ड देऊन बसलात, तर लाजून वेळ घालवू नका:

१. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून पासवर्ड बदला.
२. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा.
३. नियम आणि फॉरवर्डिंगची पानं पाहा. खातं बळकावणारे बहुधा तिथे एखादा नियम टाकून ठेवतात, म्हणजे पासवर्ड बदलला तरी मेल त्यांच्याकडे जात राहतात किंवा इशारे तुम्हाला दिसत नाहीत.
४. संगणक केंद्राला फोन करा.
५. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार.

पास होऊन किंवा निवृत्त होऊन जाताना

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला हे काम हाती घ्या. ‘नो ड्यूज’च्या सह्या गोळा करायच्या दिवसांत त्याला वेळ राहत नाही.

गूगलवर प्रशासकानं सोय सुरू ठेवलेली असेल, तर शिक्षणसंस्थेच्या खात्यातून मेल आणि ड्राइव्हच्या फाइली थेट खासगी जीमेल खात्यात नकलून घेता येतात. मात्र खासगी खात्यात फुकट १५ जीबीच असतात आणि त्यात तुमचे फोटोही बसतात. जागा नसेल तर ‘टेकआउट’मधून सगळं उतरवून घ्या. तयार झालेल्या फाइलची लिंक आठवडाभरच चालते. मायक्रोसॉफ्टवर जुन्या पद्धतीच्या आउटलुकमधून पीएसटी काढता येते, वनड्राइव्हच्या फाइली वेगळ्या उतरवायच्या.

काय नेता येतं आणि काय नाही, यावर लोक उगाच भांडतात. तुमचा वैयक्तिक आणि संशोधनाचा पत्रव्यवहार न्या. विद्यार्थ्यांची माहिती, परीक्षेची कागदपत्रं, समित्यांचं कामकाज हे संस्थेचं आहे, ते न्यायचं नाही आणि पुसायचंही नाही. पेटी रिकामी करून जाणं हा नीटनेटकेपणा नव्हे.

तुमचे हक्क

संस्थेच्या मेलवर खासगीपणाची फार अपेक्षा ठेवू नका. संस्थेनं सोय घेतलेली असेल तर प्रशासकाला मेल जपून ठेवता येतात आणि शोधताही येतात. त्याचा वापर कोणत्या कारणानं आणि कोणाच्या मंजुरीनं होतो, हे विचारायला मात्र हरकत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती पाहणं, दुरुस्त करणं, पुसायला सांगणं, तक्रार करणं या हक्कांच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आपल्या पश्चात हे हक्क बजावण्यासाठी कोणाचं तरी नाव देण्याची तरतूदही त्यात आहे.

खातं किती दिवस ठेवायचं, याचं धोरण सार्वजनिक विद्यापीठ सांगत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. विद्यार्थ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार नेमलेली तक्रार निवारण समिती आहे.

तुमचा एखादा वाद चालू असेल, पदोन्नतीचा, वेतननिश्चितीचा, छळाच्या तक्रारीचा, तर त्यातले मेल छापून ठेवण्यावर थांबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. मूळ मेल, त्याच्या पूर्ण शीर्षमाहितीसह, उतरवून ठेवा आणि जुना सर्व्हर बंद होण्याआधी वकिलांशी बोला.

तरीही अडलं तर

‘मेल चालत नाही’ एवढंच लिहिलं की संगणक केंद्राकडून चार प्रश्न उलट येतात आणि दोन दिवस जातात. त्याऐवजी एवढं लिहा: तुमचा पूर्ण पत्ता, फोन की संगणक, कोणतं ॲप, अडचण आली ती तारीख आणि वेळ, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा किंवा त्याचा फोटो, आणि हीच गोष्ट ब्राउझरमधून केली तर चालते का. एखादा मेल हरवला असं वाटत असेल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि अंदाजे वेळ द्या. बदल नुकताच झाला असेल, तर सर्व्हरच्या नोंदीत तो मेल आला की नाही हे सहसा दिसतं. या नोंदी फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून तक्रार त्याच आठवड्यात करा. पासवर्ड आणि ओटीपी त्यात लिहू नका. संगणक केंद्रातल्या माणसाला त्यांची गरज नसते, आणि कोणी मागितलेच तर फोन ठेवून कार्यालयाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावा.